पेढ्याच्या खोक्यातलं प्लास्टिक काढायचंय? सोयाबीनच्या फिल्मपासून अशी सुरुवात करा

भूम तालुक्यात आमचा खवा-पेढ्याचा छोटा व्यवसाय आहे. खोक्यात पेढ्यांचे दोन थर असतात आणि मध्ये आम्ही पातळ प्लास्टिकचा कागद घालत होतो. तो तुपकट होतो, म्हणून भंगारवाला नेत नाही. कुंथलगिरीच्या रस्त्याला बाभळीच्या काट्यांत अडकलेले असे कागद दिसायचे. त्यातले काही आमच्याच खोक्यातले असणार, हे मला माहीत होतं. बटर पेपर लावून पाहिला, पण तो तूप शोषतो आणि पेढ्याचा तळ कोरडा पडतो.

म्हणून प्रथिनांच्या फिल्मच्या मागे लागले. सोयाबीन किंवा दुधातल्या प्रथिनांपासून पातळ, खाता येईल असा पापुद्रा करायचा आणि त्यात लवंग-ओव्यासारख्या नैसर्गिक जंतुरोधकाचा अंश घालायचा. कल्पना सोपी आहे, पण शिकताना माझं बरंच सामान वाया गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. बचत गट, घरगुती उद्योग किंवा अन्नतंत्राचं शिक्षण नुकतंच सुरू केलेली मुलं, कुणालाही हे करता येईल.

१. आधी पदार्थ ठरवा, फिल्म नंतर

बहुतेक जण आधी फिल्म बनवतात आणि मग ती कशाला गुंडाळू, असं विचारतात. मीही तेच केलं. प्रथिनांच्या फिल्मचा स्वभाव आधी समजून घ्या. कोरड्या हवेत ती प्राणवायू छान अडवते आणि तूप-तेलही बाहेर झिरपू देत नाही. पाण्याची वाफ मात्र ती अडवू शकत नाही. ओल लागली की ती फुगते, मऊ पडते, शेवटी चिकट होते.

त्यामुळे पेढा, चिक्की, खारे शेंगदाणे, सुका मेवा हे तिचे पदार्थ. यांत स्निग्धांश भरपूर आणि पाणी कमी असतं, आणि ते बिघडतात ते बरेचदा खवट होऊन. पेढ्याला बुरशीही लागते, तिच्याबद्दल पुढे सांगते. खवटपणा येतो प्राणवायूमुळे, आणि तोच तर ही फिल्म अडवते. शेंगदाण्यांवर प्रथिनांचा पातळ लेप दिला तर खवटपणा उशिरा येतो, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

ताजा ओलसर खवा आणि पनीर हे तिचे पदार्थ नाहीत. मी खव्याच्या गोळ्याला फिल्म गुंडाळून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिचा लगदा होऊन खव्याला चिकटला होता.

जालन्याची मोसंबी, केशर आंबा, बीडचं सीताफळ असं काही मनात असेल तर थोडं थांबा. फळ श्वास घेतं. लेप जाड झाला की आत प्राणवायू संपतो, फळ आतून आंबतं आणि दारूसारखा वास येतो. फळांवरचा लेप हा स्वतंत्र अभ्यास आहे, पहिल्या प्रयोगाला तो घेऊ नका.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फिल्म वाईट माल चांगला करत नाही. शेंगदाण्याला आधीच बुरशी लागून त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार झालं असेल, किंवा अस्वच्छ हातांमुळे खव्यात जंतूंचं विष उतरलं असेल, तर वरून काहीही लावा, ते आतच राहणार. आधी निवडणं, भाजणं, हात आणि भांडी स्वच्छ ठेवणं, मग फिल्म.

२. प्रथिन कुठलं घ्यायचं आणि कुठलं नाही

माझी पहिली चूक पनीरच्या पाण्याची. पनीर केल्यावर उरणारं निवळीचं पाणी आम्ही ओतून देत होतो. निवळीतल्या प्रथिनाची, म्हणजे व्हे प्रोटीनची, फिल्म होते असं वाचलं आणि वाटलं, फुकटचा कच्चा माल घरातच आहे. दोन दिवस ते पाणी आटवलं. तळाशी राहिला पिवळसर, गोड-खारट चिकटा. त्याची फिल्म काही झाली नाही. कारण नंतर कळलं. पनीरसाठी आपण दूध ९० अंशांपर्यंत तापवतो. त्या तापमानाला दुधातली व्हे प्रथिनं उलगडतात आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटून पनीरमध्येच जातात. पाण्यात उरते ती मुख्यतः दुधाची साखर आणि क्षार. पनीर चांगलं उतरतं ते त्यामुळेच, पण निवळी फिल्मच्या कामाची राहत नाही. ती कणकेत घाला, कढीत घाला, आटवत बसू नका.

मग सोयाबीनकडे वळले. लातूरचा बाजार फार लांब नाही, आणि आमच्याच शिवारात सोयाबीन. इथंही सापळे आहेत.

डीओसी घेऊ नका. तेल काढून उरलेली ही पेंड स्वस्त मिळते, पण ती कोंबड्या-जनावरांच्या खाद्यासाठी असते, माणसाच्या खाण्याच्या दर्जाची नसते. शिवाय ती इतकी भाजलेली असते की तिची प्रथिनं पाण्यात नीट विरघळत नाहीत.

सोया वड्या दळून घेऊ नका. वडी करतानाच प्रथिनांची वीण घट्ट झालेली असते. पीठ कितीही बारीक केलं तरी ते तळाशी बसतं.

व्यायामशाळेतली चवीची पावडर नको. त्यात साखर, रंग, सुगंध, घट्ट करणारे पदार्थ असतात.

घ्यायचं ते खाद्य दर्जाचं सोया प्रोटीन आयसोलेट. त्यात कोरड्या वजनाच्या ९० टक्के किंवा जास्त प्रथिन असतं. बेकरीचा कच्चा माल विकणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्याकडे मिळतं. घरी आयसोलेट काढणंही शक्य आहे. सोड्याच्या पाण्यात प्रथिन उतरवायचं आणि आम्ल घालून पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साडेचारच्या आसपास आणलं की ते खाली बसतं. पण प्रत्येक खेपेला गुण वेगळा येतो, म्हणून नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. दुधाचंच हवं असेल तर चव नसलेलं व्हे प्रोटीन आयसोलेट घ्या. त्याची फिल्म जास्त पारदर्शक होते, पण महाग पडते.

जिलेटिनची फिल्म सगळ्यांत सोपी होते आणि दिसतेही सुंदर. पण जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून येतं. आमच्याकडे कुंथलगिरीला येणारे जैन यात्रेकरू पेढा नेतात, माळकरी मंडळी नेतात. त्यांच्या हातात न सांगता जिलेटिन देणं ही फसवणूक आहे, आणि कायद्यानेही त्यावर मांसाहारी पदार्थाची खूण लागते. अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं लायसोझाइम हे जंतुरोधक, कोळंबीच्या कवचापासून निघणारं कायटोसान, यांचंही तसंच. मेणाचा अंश घालून फिल्म ओलीला जरा टिकाऊ करता येते, पण मधमाशीचं मेणही काही जैन कुटुंबांना चालत नाही. तिथं कार्नोबा हे झाडाचं मेण वापरा.

३. सामानाची यादी

- खाद्य दर्जाचं सोया प्रोटीन आयसोलेट
- खाद्य दर्जाचं ग्लिसरीन
- खाद्य दर्जाचं लवंग तेल किंवा ओव्याचं तेल
- सोया लेसिथिन, तेल पाण्यात मिसळण्यासाठी
- खाण्याचा सोडा
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा
- १०० अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणि पीएच पट्ट्या
- ३० × २० सेंटिमीटरचे दोन सपाट ट्रे आणि त्यांत बसणारे सिलिकॉनचे किंवा टेफ्लॉनचे ताव
- गवंड्याची पाणसळ
- हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर
- मलमलचं कापड, वही, पेन

औषधाच्या दुकानात अंगाला लावायचं ग्लिसरीन मिळतं, ते घेऊ नका. हलक्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडल्याच्या घटना जगभर घडलेल्या आहेत. विकणाऱ्याकडून त्या लॉटचा तपासणी दाखला मागा. दाखला नसेल तर माल नको. दातदुखीच्या लवंग तेलालाही हाच नियम.

पाणी हा आमच्याकडचा मोठा प्रश्न. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे सोयाचं प्रथिन फाटतं, टोफू करताना जे होतं तेच. माझी पहिली सोया फिल्म रवाळ झाली, ती त्यामुळेच. मी दोन दिवस पावडरीला दोष देत होते. आरओचं पाणी वापरा.

४. पहिला हात: सोया दुधाची साय

पावडर विकत आणण्याआधी हे एकदा करून पाहाच. खर्च जवळजवळ नाही आणि प्रथिनांची फिल्म म्हणजे नेमकं काय ते डोळ्यांनी दिसतं.

पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवा, सालं काढा, दोन लिटर पाण्यात बारीक वाटून गाळा. चोथा टाकू नका, थालीपिठात छान लागतो. दूध पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळा, कारण कच्च्या सोयाबीनमधले पचनाला बाधक घटक उष्णतेनेच निष्प्रभ होतात. मग पसरट भांड्यात ओतून आच मंद करा. दूध ८५ ते ९० अंशांवर राहू द्या, उकळू नका आणि ढवळू नका. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते. कडेने सुरी फिरवा, खालून काडी घालून ती उचला आणि दोरीवर टाका. थोड्या वेळाने दुसरी साय येते.

जपानमध्ये हीच साय शतकानुशतकं खातात, तिला युबा म्हणतात. उष्णतेने प्रथिनांची गुंडाळी उलगडते आणि पृष्ठभागावर ती एकमेकांत अडकून जाळं विणतात. पुढे आपण ट्रेमध्ये करतो तेही हेच, फक्त मापात. ही साय पेढ्यांच्या थरात घालण्याइतकी एकसारखी होत नाही. पण माझ्या जाऊबाईंनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "हे तर कागदावानी हाय." गटातल्या बाकीच्या बायकांना तयार करायला ते वाक्य मला पुरलं.

५. ट्रेमधली फिल्म

दोन ट्रेसाठी माप: आयसोलेट १० ग्रॅम, पाणी २०० मिली, ग्लिसरीन ४ ग्रॅम.

पावडर पाण्यावर थोडी थोडी भुरभुरत ढवळा. मिक्सर लावू नका, फेस होतो आणि फेसाचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे फिल्ममध्ये एक भोक. अर्धा तास मुरू द्या. चिमूटभर सोडा घालून पीएच ८ च्या आसपास आणा, म्हणजे प्रथिन चांगलं विरघळतं. मग ग्लिसरीन घाला. ते नसेल तर फिल्म काचेसारखी तडकते. जास्त झालं तर चिकटते आणि गोडसर लागते. प्रथिनाच्या वजनाच्या ४० टक्क्यांपासून सुरू करा, पुढे ऋतूप्रमाणे कमी-जास्त करा.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात हे भांडं बसवा. मिश्रण ८० ते ८५ अंशांवर वीस मिनिटं ठेवा आणि हलक्या हाताने ढवळत राहा. थेट आचेवर ठेवलंत तर तळ धरतो. मलमलमधून गाळा, फेस जिरेपर्यंत थांबा.

ट्रे पाणसळ लावून दोन्ही बाजूंनी समतल करा. हे टाळू नका. एक कोपरा खाली असला तर तिथली फिल्म जाड आणि समोरची विरळ होते. प्रत्येक ट्रेमध्ये १०० मिली ओता. ओल्या मिश्रणाचा थर दीड-पावणेदोन मिलिमीटरचा असतो, वाळल्यावर ०.१ मिलिमीटरच्या आसपास उरतो.

केसीनला किंवा सोयाला कडकपणा आणण्यासाठी फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचं विषारी द्रावण, वापरायची कृती तुमच्या वाचनात येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला दुधाच्या केसीनपासून गॅलालिथ नावाचं प्लास्टिक निघालं, त्याची बटणं, कंगवे होत, आणि ते फॉर्मल्डिहाइडनेच कडक करत. बटणाला ते चाललं. अन्नाजवळ ते अजिबात आणायचं नाही.

६. वाळवण, पण गच्चीवर नाही

पापड-कुरडया करणाऱ्या आपल्या हातांना एकच सवय: वाळवायचं म्हणजे गच्ची आणि ऊन. आम्हीही एप्रिलमध्ये ट्रे गच्चीवर नेले. तासाभरात वरून कातडी धरली, खाली ओलंच. दुपारपर्यंत कडा वळून फिल्मचे तुकडे झाले.

फिल्म सावलीत, २५ ते ३० अंशांवर, एक ते दोन दिवसांत सावकाश वाळली पाहिजे. खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या जवळपास हवी. उन्हाळ्यात आमच्याकडे हवा फार कोरडी होते. तेव्हा खोलीत ओलं गोणपाट टांगा किंवा कूलर दूर ठेवून चालवा. पावसाळ्यात उलटी अडचण, तिसऱ्या दिवशीही ट्रे ओला आणि त्यावर बुरशीचे ठिपके. मग खोली बंद करून पंखा आणि बल्बची ऊब द्यावी लागते. पहिला प्रयोग दिवाळीनंतर करा. ती हवा सगळ्यांत मानवते.

वाळलेली फिल्म एका कोपऱ्यातून हळू सोडवा. तडकत असेल तर ओढू नका. ट्रेजवळ ओलं फडकं ठेवून अर्धा तास थांबलात की ती नरम पडून सुटते.

७. लवंग, ओवा आणि नायसिन: कोण कुठे चालतं

बिनतेलाची फिल्म दमट हवेत स्वतःच बुरशीचं खाद्य होते, शेवटी ते प्रथिनच आहे. म्हणून जंतुरोधक हवं. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड हे जंतू आणि बुरशीच्या पेशींचं आवरण बिघडवतात.

ट्रेमध्ये ओतण्याआधी, मिश्रण ४५ अंशांच्या खाली आल्यावरच तेल घाला, गरम असताना घातलं तर ते उडून जातं. २०० मिलीला अर्धा मिलीपासून सुरू करा, एक मिलीच्या पुढे सहसा जाऊ नका. थोड्या लेसिथिनमध्ये तेल नीट घोटा आणि मग मिश्रणात सोडा. नाही तर फिल्मवर तेलाचे डोळे उमटतात.

आता खरी मेख. प्रयोगशाळेतल्या बशीत लवंग तेल जंतूंना झकास अडवतं. पेढ्यावर तेच तेल ढेपाळतं, कारण ते तुपात विरघळून पेढ्याच्या आत जातं आणि प्रथिनांनाही चिकटून बसतं. पृष्ठभागावर, जिथं बुरशी आहे, तिथं थोडंच उरतं. तेल वाढवावं तर पेढा लवंगेचा लागतो. ओव्याचं तेल घातलेले पेढे सासूबाईंनी तोंडात घातले आणि "पोटदुखीचं औषध लागतंय" म्हणाल्या. आम्ही ओवा चिक्की-शेंगदाण्याकडे नेला आणि पेढ्याला लवंग ठेवली. जास्त तेलाची एक फिल्म झाकणाच्या आतून लावतो. ती पेढ्याला टेकत नाही, पण तिच्या वाफेचा बंद खोक्यात उपयोग होतो.

नायसिन या जंतुरोधकाबद्दल खूप विचारतात. ताकाच्या विरजणात आढळणाऱ्या लॅक्टोकोकस लॅक्टिस या जिवाणूपासून ते मिळतं, आणि चीजसारख्या पदार्थांत जगभर वापरतात. पण ते ठरावीक गटातल्या जिवाणूंवरच चालतं, बुरशीवर नाही. पेढ्याचा शत्रू बुरशी असेल तर नायसिनवर पैसे घालवू नका. शिवाय नैसर्गिक असलं तरी कायद्याने ते संरक्षक द्रव्यच, कोणत्या पदार्थात किती घालायचं ते नियमात ठरलेलं आहे.

हळदीने फिल्म आणि पेढा दोन्ही पिवळे होतात. कडुनिंब आणि करंज खाण्याच्या फिल्ममध्ये घालू नका.

८. चार डब्यांची चाचणी

एकाच कढईतले पेढे चार सारख्या डब्यांत ठेवा: एकात काहीच नाही, दुसऱ्यात नेहमीचं प्लास्टिक, तिसऱ्यात बिनतेलाची फिल्म, चौथ्यात तेलाची. चारही एकाच खोलीत, एकाच फळीवर. डब्यांवर तारीख आणि फक्त क्रमांक लिहा. काय कशात आहे ते वहीत ठेवा, म्हणजे बघणाऱ्याचं मन आधीच झुकत नाही. रोज एकाच वेळी वजन, वास, रंग, बुरशीचा ठिपका नोंदवा. शंका आलेला पेढा चाखू नका.

ही चाचणी कल समजण्यापुरती. खोक्यावर टिकण्याची मुदत छापायची असेल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून जंतूंची एकूण संख्या, यीस्ट-बुरशी आणि तुपाचं पेरॉक्साइड मूल्य, म्हणजे खवटपणाचं माप, तपासून घ्या. मार्गदर्शनासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, आणि तुमच्या जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्रही. जाताना वही बरोबर न्या. वही बघून बोलणं पुढे सरकतं.

९. कागदपत्रं

अन्न व्यवसायाची नोंदणी किंवा परवाना आधी हवा. त्यासाठी ओळखपत्र, फोटो, जागेचा पुरावा म्हणून लाइट बिल किंवा भाडेकरार, आणि पदार्थांची यादी लागते. खाता येणारी फिल्म पदार्थाबरोबर पोटात जाते, म्हणून तिचे घटकही लेबलवर लिहा. सोया आणि दूध दोन्ही ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत आहेत, ते ठळक दिसले पाहिजेत. फिल्म आतली, बाहेरचं खोकं वेगळं लागतंच, आणि त्याला २०१८ चे अन्न पॅकेजिंगचे नियम लागू आहेत.

"कंपोस्ट होणारं प्लास्टिक" म्हणून पिशव्या किंवा वेष्टन विकायचं असेल तर मामला वेगळा. त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या पेढ्यात आपलीच फिल्म घालणाऱ्याने तो शब्द खोक्यावर छापू नये. "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं छापण्याआधीही अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना विचारा, कारण लवंग तेल तुम्ही त्याच कामासाठी घालता आहात.

१०. साठवण

तयार फिल्मच्या थरांमध्ये कोरडा बटर पेपर घालून ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. आमची पहिली चांगली खेप उघड्या फळीवर राहिली आणि एका रात्रीत मुंग्यांनी चाळणी केली. उंदीरही खातात. थोडी थोडी बनवा आणि महिन्याभरात वापरा.

वापरलेली फिल्म मातीत पुरून पाहा. आम्ही कढीपत्त्याच्या आळ्यात एक तुकडा पुरला, शेजारी जुना प्लास्टिकचा कागद, आणि दोन्हीकडे काडी रोवली. काही आठवड्यांनी उकरलं तेव्हा फिल्मच्या जागी फक्त माती होती. प्लास्टिकचा कागद अजून तिथंच आहे. गटात नवी बाई आली की आम्ही तो उकरून दाखवतो आणि परत पुरतो.